आहे, पण देता येत नाही

काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे कार्डवाल्या ताई म्हणायचे. नव्याने लागलेल्या माणसाला वाटायचं, या बाई ओळखपत्रं करून देतात. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी हातात फोटो घेऊन त्यांच्या दारात उभं राहायचंच. ताई त्याला आत बोलवायच्या, लोखंडी मांडणीवरची एक गुलाबी पिशवी उघडून आतली हिरवी पट्टी दाखवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडची कार्डं ही अशी. यांना चेहरा नसतो, पण रुसतात माणसासारखीच."

ताईंची खोली कंट्रोल रूमच्या मागच्या बाजूला होती. बाहेर भट्टीची धग, बाटल्यांचा खणखणाट, तेलाचा वास. आत मात्र एसीची थंड शांतता. भिंतीला लागून राखाडी मांडण्या, त्यांच्यावर खोकी, खोक्यांत फोम आणि फोममध्ये कार्डं. भट्टीत गॅस किती सोडायचा, हवा किती, वितळलेल्या काचेची पातळी कुठे ठेवायची, हे सगळं कंट्रोल रूममधल्या ज्या कपाटांतून चालायचं, ती कपाटं कारखान्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा वयाने मोठी होती. बनवणाऱ्या कंपनीने ती बनवणं केव्हाच सोडून दिलं होतं. कपाटातलं एखादं कार्ड गेलं तर दुकानात जाऊन दुसरं आणायची सोय नव्हती. असलं तर ताईंच्या खोलीत असणार, नाहीतर कुठेच नाही.

ताई मुळात जनरल स्टोअरमध्ये कारकून होत्या. बोल्ट, वॉशर, हातमोजे, बेल्ट असलं सगळं द्यायचं-घ्यायचं काम. एकदा सफाईच्या वेळी कुणीतरी पोतंभर जुनी कार्डं भंगारात काढली. ताईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नव्यासारखी दिसणारी वस्तू भंगारात जाताना बघवेना, म्हणून त्यांनी ट्रक थांबवला आणि इन्स्ट्रुमेंट विभागात निरोप पाठवला. तिथून एक तरुण इंजिनिअर धावत आला. पोत्यात हात घातला आणि तिथेच मटकन खाली बसला.

"बाई, यातलं एक जरी कमी पडलं असतं ना, तर भट्टी गेली असती," तो म्हणाला.

तोच पुढे विभागाचा प्रमुख झाला. सगळा कारखाना त्याला चीफ म्हणू लागला. त्यांनीच भांडून ताईंना जनरल स्टोअरमधून काढलं आणि त्या मागच्या खोलीत बसवलं. कार्ड कसं धरायचं, हाताला न जाणवणाऱ्या विजेनेसुद्धा ते कसं जळतं, म्हणून मनगटाला पट्टा बांधून त्याची तार जमिनीला कशी जोडायची, हे सगळं चीफनी शिकवलं. ताई शिकत गेल्या. खोली भरत गेली.

कुठे एखादा जुना कारखाना बंद पडल्याचं कळलं की हे दोघं जीप काढून निघायचे. "चला, गिधाडांची जोडी निघाली," असं चीफच हसत म्हणायचे. बंद कारखान्यात वीज नसायची. हातात बॅटरी धरून, जाळ्या बाजूला सारत कपाटापर्यंत जायचं, एकेक कार्ड अलगद ओढून काढायचं, ताईंनी पिशवीत घालायचं आणि खुणेची चिठ्ठी लावायची. टायरच्या एका कारखान्यातून तर त्यांनी अख्खा सांगाडाच उचलून आणला. तो ताईंच्या खोलीत कोपऱ्यात उभा केला. त्यात कार्ड बसवून वीज दिली की हिरवा दिवा लागायचा, म्हणजे कार्ड जिवंत. परत येताना रस्त्याच्या कडेला जीप थांबवून दोघं डबे उघडायचे. चीफच्या डब्यातलं ताईंना आवडायचं नाही, ताईंच्या डब्यातलं चीफना आवडायचं, त्यामुळे ताई घरूनच जास्त घेऊन निघायच्या.

ताईंचे यजमान आजारी पडले तेव्हा चीफनी स्वतःची गाडी दिली होती. हॉस्पिटलच्या बाकावर दिवसदिवस बसले होते. यजमान गेले, आणि महिन्याभराने ताई कामावर आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर धूळ नव्हती. रोज कुणीतरी पुसत होतं. कोण, ते ताईंनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

हे एवढ्यासाठी सांगायचं की ताई भोळ्या नव्हत्या. माणूस पारखून घ्यायची त्यांना सवय होती, आणि या माणसाला त्यांनी पुरेपूर पारखलं होतं.

ताईंना एक धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं ताईंनीच केलं. मोठा झाल्यावर तो कागदाच्या गिरणीत लागला. त्या गिरणीतही याच जातीची जुनी कपाटं होती. तिथले लोक कधीमधी ताईंकडे सल्ला विचारायला यायचे, त्यांच्याच ओळखीने भावाचं काम झालं होतं. तो पॅनलवर बसायचा, कागदाचं यंत्र चालवायचा. रविवारी बायकोला आणि मुलीला घेऊन ताईंकडे यायचा आणि जेवताना दोघं बहीणभाऊ कार्डांबद्दलच बोलत बसायचे. भावजय म्हणायची, "लोकांच्या घरी सोयरिकीच्या गप्पा होतात, आपल्याकडे सर्किटच्या."

एका हिवाळ्यात गिरणीचं मुख्य कार्ड जळलं. सगळ्या कपाटाचा मेंदू म्हणावा असं ते प्रोसेसर कार्ड. राखीव होतं तेही लावल्यावर चालेना. यंत्र थांबलं. गिरणीच्या मॅनेजरने चीफना फोन केला की एक कार्ड उसनं द्या, आमचं दुरुस्त होऊन आलं की परत करतो. भाऊ स्वतःच कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला.

चीफनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"ताई, तुम्हीच सांगा, देऊ या का?"

"आपल्याकडे आहेत की. आणि आपलं हे कार्ड इतक्या वर्षांत कधी गेलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"गेलं नाही म्हणूनच भीती वाटते. सगळी एकाच वयाची आहेत, ताई. एक गेलं की मागोमाग दुसरं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गिरणीचं यंत्र आज थांबलं, उद्या चालू होईल. आपली भट्टी एकदा थंड पडली की आत काच गोठते. भट्टी फोडावी लागते. मग इथल्या सगळ्यांच्या चुली विझल्या."

"पण चार महिन्यांनी भट्टी दुरुस्तीसाठी बंद होणारच आहे ना?"

"भट्टी नवी होईल हो. कपाटं हीच राहणार. निदान दहा वर्षं. म्हणून तर म्हणतो, जपून वापरायला हवं." चीफ जरा थांबले. "तरी भाऊ तुमचा आहे. खोली तुमची आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी आत्ता पाठवतो. मी काही बोलणार नाही."

ताई खुर्चीत बसून राहिल्या. सख्ख्या भावासाठी म्हणून भट्टी धोक्यात घातली असं उद्या कुणी म्हणालं तर? आणि खरंच दुसरं कार्ड गेलं तर? हा माणूस आपल्यावर एवढं सोपवतोय, तर आपणही त्या विश्वासाला जागायला नको का?

"नको," त्या म्हणाल्या. "नाही देता येणार."

"मला ठाऊक होतं, तुम्ही योग्य तेच बोलाल," चीफ म्हणाले.

ताई फाटकाशी गेल्या. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघूनच त्याला कळलं असावं.

"ताई, मांडणीवर आहे की नाही, एवढंच सांग."

ताईंना खोटं बोलता आलं असतं. पण जन्मात त्याच्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"आहे. पण देता येत नाही रे."

"येत नाही, की द्यायचं नाही?"

ताईंनी भट्टीचं सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्याकडे मालकाला यंत्र बंद करायला निमित्तच हवंय. तू ते त्याच्या हातात देते आहेस," आणि सायकल वळवून निघून गेला.

त्याचं म्हणणं खरं ठरलं. गिरणीच्या लोकांनी आणखी कुठेकुठे विचारलं. लांबून एक दुरुस्त केलेलं कार्ड आलं, ते लावल्या लावल्या बंद पडलं. मालकाला जुन्या यंत्रात तसाही रस उरला नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला. त्याने ते यंत्र विकून टाकलं आणि त्यावरच्या लोकांना घरी पाठवलं. धाकटा एका पार्सलच्या गोदामात खोकी उचलायच्या कामाला लागला. पॅनलवर बसून चढवलेलं पोट महिन्याभरात उतरलं आणि पाठ धरली. रविवारी ताईंकडे येणं थांबलं. ताई फोन करायच्या तर भावजय उचलायची आणि म्हणायची, "झोपलेत." दिवसा दुपारीही झोपलेत, संध्याकाळीही झोपलेत. ताई म्हणायच्या, "बरं, उठला की सांग." दोघींनाही माहीत होतं की तो तिथेच बाजूला बसलाय.

ताई स्वतःला समजवायच्या की आपण चूक केली नाही. भट्टीचा प्रश्न होता. आणि याच सुमारास चीफनी त्यांच्यावर मोठं काम सोपवलं. खोलीतलं प्रत्येक कार्ड काढायचं, सांगाड्यात बसवून तपासायचं, चालतंय की नाही ते खुणेच्या चिठ्ठीवर लिहायचं, पिशव्या बदलायच्या.

"पुढची दहा वर्षं काढायची आहेत, तर घर एकदा झाडून-पुसून लख्ख करू या," चीफ म्हणाले.

ताईंनी जीव ओतून ते केलं. भावाला नाही म्हटलं ते ज्याच्यासाठी, ते तरी नीट व्हावं, असं त्यांना वाटत असणार. रोज एकेक खोकं उघडायचं, कार्ड लावायचं, हिरव्या दिव्याची वाट बघायची. चीफ येता-जाता डोकावायचे. "वा ताई. प्रदर्शन भरवाल आता," म्हणायचे. पण पूर्वीसारखे बसायचे नाहीत. डबाही आता केबिनमध्येच खायचे. कामाचा ताण असेल, असं ताईंना वाटलं.

भट्टी दुरुस्तीसाठी बंद व्हायला थोडे दिवस उरले होते. एका दुपारी खोलीच्या दारात एक गोल चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ उभे राहिले. ते जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांचे व्यापारी होते. बंद कारखान्यांत ताईंनी त्यांना एक-दोनदा लांबून पाहिलं होतं. तेही तिथे याच कामाला यायचे.

"तुम्हीच का त्या ताई? चीफनी फार कौतुक केलंय तुमचं," असं म्हणत ते आत आले आणि मांडण्यांकडे बघतच राहिले. "अहाहा. एवढं नीट ठेवलेलं मी कुठे बघितलं नाही. बरं झालं तुम्ही सगळं तपासून ठेवलंत. मला परत तपासायला नको."

"तुम्हाला कशाला तपासावं लागेल?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे? न्यायच्या आधी बघायला नको का? नवीन कपाटं आली की हा सगळा माल मीच उचलतोय ना." त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, ते खोकी बघण्यात दंग होते. "गेल्या पावसाळ्यातच बोलणं झालं आमचं. मी तेव्हाच म्हटलं होतं, चीफ, मेंदूची कार्डं पुरी हवीत, त्यातलं एकही हललं तर माझा सौदा नाही. बाकीच्यांना कोण विचारतो. गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. आता हेच बघा, हिवाळ्यात ती कागद गिरणीची माणसं माझ्याकडे आली होती रडकुंडीला. मी म्हटलं, माल येणार आहे, पण उन्हाळ्याशिवाय हातात नाही. बिचारे गेले."

ताईंनी मनगटाचा पट्टा सोडला. तो सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

"गेल्या पावसाळ्यात?" त्यांनी विचारलं.

"हो की," व्यापारी म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं काहीतरी. "तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"बसा तुम्ही. मी येते," ताई म्हणाल्या.

चीफच्या केबिनच्या भिंतीवर नव्या कपाटांचे नकाशे लावलेले होते. गेले काही महिने त्या केबिनमध्ये ताईंना बोलावणं नव्हतं. काही काम असलं तर चीफच बाहेर येऊन बोलायचे. आता का, ते कळलं. चीफनी मान वर केली आणि ताईंचा चेहरा बघून पेन खाली ठेवलं.

"व्यापारी आलेत," ताई म्हणाल्या.

"ते उद्या येणार होते," चीफ म्हणाले. मग त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"ताई, मला सांगायची बंदी होती. वरून ताकीद होती की नवीन यंत्रणेचं कुणाला कळता कामा नये. लोक घाबरतात, निघून जातात. मी ताकास तूर लागू दिली नाही, तो माझा नाइलाज होता."

"सांगितलं नाहीत, त्याचं मला काही नाही. नोकरी आहे, बंदी असेल. पण हिवाळ्यात मला इथे बसवून दहा वर्षं म्हणालात. मला विचारलंत, देऊ का. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी गेले असते फाटकाशी. तुमचं नाव सांगितलं असतं. माझ्या तोंडून का वदवून घेतलंत?"

चीफ नकाशाकडे बघत म्हणाले, "तुम्ही माझ्यावर रागवावं असं मला वाटत नव्हतं."

चीफनी शिव्या दिल्या असत्या, उडवाउडवी केली असती तर ताईंना सोपं गेलं असतं. या माणसाने त्यांच्या नजरेत चांगलं राहायचं म्हणून त्यांच्याच हाताने त्यांच्या भावाचं काम घालवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, असं त्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं ती म्हण नुसती वापरली होती.

"मला एकच पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाच्या घरी या. त्याच्यासमोर तुमच्या तोंडाने सांगा की नाही कुणी म्हणायला लावलं आणि का. बाकी मी कुणाकडे एक शब्द बोलणार नाही."

चीफनी लगेच मान डोलावली. "येतो. अवश्य येतो. माझं कर्तव्यच आहे ते. या रविवारी, सकाळी."

ताईंनी भावजयीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "या तुम्ही. मी त्यांना घरी थांबवते."

रविवारी ताई लवकरच पोचल्या. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिन्यावरची पावलं आतल्या खोलीपर्यंत ऐकू यायची. भाऊ टेबलफॅन उघडून बसला होता. त्याने ताईंकडे बघून मान हलवली आणि पुन्हा फॅनच्या पात्याला फडका मारायला लागला. भाची शेजारी खेळायला पाठवलेली होती. भावजयीने चांगले कप काढून ठेवले होते.

जिन्यात पावलं वाजली की ताई दाराकडे बघायच्या. एकदा शेजारीण भाजी घेऊन आली. एकदा वरच्या मजल्यावरचे आजोबा, मधे मधे दम खात. मग कुणीतरी भरभर चढलं, ताई उठून उभ्याच राहिल्या. तो पत्ता चुकलेला कुरियरवाला होता. फोन केला तर नुसती रिंग वाजत राहिली. थोड्या वेळाने पुन्हा केला तर फोन बंद.

"गाडीचं काही झालं असेल," भावजय म्हणाली.

"हो, जुनी गाडी आहे," ताई म्हणाल्या. त्यांना चीफची बाजू घ्यायची इतकी सवय होती की शब्द आपोआप आले, आणि आल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दुपार झाली. भावजयीने कप उचलून आत नेले. ताई दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसून होत्या. भावाने फॅन जोडून संपवला, बटण दाबून पाहिलं, फिरतोय म्हटल्यावर त्यांच्याकडे वळवून ठेवला.

"तो येत नाही आता," तो म्हणाला. "जेवायला बस."

तीन-चार महिन्यांत त्याने ताईंशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"मी खोटं सांगत नाहीये रे," ताई म्हणाल्या. "तो स्वतः येतो म्हणाला होता."

"तो आला असता ना, तर मला वाटलं असतं, दोघं ठरवून आलेत. माझी समजूत काढायला ताईने साहेब भाड्याने आणलाय, असंच म्हणालो असतो मी. तू सकाळपासून त्या दाराकडे बघते आहेस, ते मी बघतोय. मला कळलं काय ते."

ताईंनी डोळे पुसले. भावजयीने ताटं वाढली. हात धुताना भाऊ मागे येऊन उभा राहिला.

"एक सांगू का ताई? राग मानू नकोस. त्याने तुझ्याकडून म्हणवून घेतलं, ते कळलं मला. पण म्हणालीस तूच. मला ते विसरता येईल असं वाटत नाही. प्रयत्न करीन."

"हं," ताई म्हणाल्या. नळ बंद केला.

सोमवारी चीफ जिन्यातच भेटले. "अहो ताई, काल अचानक पाहुणे आले, फोन कुठे ठेवला तेच आठवेना. पुढच्या रविवारी नक्की."

"नको. आता गरज नाही, साहेब."

ताईंनी त्यांना आजवर कधी साहेब म्हटलं नव्हतं. चीफ तिथेच उभे राहिले, ताई पायऱ्या उतरून गेल्या.

भट्टी बंद झाली. नवी कपाटं क्रेनने आत आली. व्यापाऱ्याचा ट्रक लागायच्या आधी ताईंना निरोप आला की पॅकिंग तुमच्याच हातचं हवं, व्यापाऱ्यांचा तसा आग्रह आहे. चीफ स्वतः आले नाहीत.

पॅकिंग करताना एक गोष्ट झाली, ती ताईंनी पुढे फक्त भावजयीला सांगितली. मेंदूची कार्डं शेवटी राहिली होती. त्यातलं एक त्यांनी पिशवीतून काढलं, मनगटाला पट्टा न बांधता. अंगात लोकरीचा स्वेटर होता, एसीची हवा कोरडी होती. बाहीवर बोट दोन-तीन वेळा घासून कार्डाच्या पायांना लावलं की बोटावर साठलेल्या विजेने ते आतून जळलं असतं. दिसायला काही दिसलं नसतं. व्यापारी, साहेब, सगळेच तोंडघशी पडले असते, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. बराच वेळ त्या कार्डाच्या कडा धरून बसल्या. मग त्यांना वाटलं, हे कुठल्यातरी दुसऱ्या गिरणीत जाणार. तिथे पॅनलवर कुणीतरी बसलेला असणार, यंत्र बंद पडलेलं, आणि हे कार्ड यायची वाट बघत असणार. त्यांनी पट्टा बांधला, कार्ड पिशवीत घातलं, आणि फोम नीट दाबून बसवला.

नव्या यंत्रणेला ताईंच्या खोलीची गरज नव्हती. सुटे भाग कंपनीच पुरवणार होती. खोलीत लांब टेबल आणि पाठीला उंच खुर्च्या आल्या, तिथे आता मीटिंगा होतात. ताईंना पुन्हा जनरल स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि बोल्ट द्यायला. चीफना बढती मिळाली. ते कधी स्टोअरवरून गेले तर खिडकीपाशी चाल मंद करायचे. ताई "नमस्कार साहेब" म्हणायच्या आणि समोरच्या माणसाला विचारायच्या, "कितीचा बोल्ट म्हणालात?"

जवळच्या लोकांनी विचारलं, वरच्यांकडे तक्रार का केली नाही. ताई म्हणायच्या, "तक्रार काय करू? नाही मीच म्हणाले होते." मग विषय बदलायच्या. त्यांनी मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणून कळवलं होतं, तरी लोकांनी फुलं आणली. ती त्यांनी स्टोअरमधल्या मुलींना वाटून टाकली.

पुढे भावाला गावाच्या पाणी पुरवठ्याच्या पंपघरात काम मिळालं. तिथली कपाटंही जुनी, त्याच जातीची नव्हेत, पण त्याच काळातली. तिथल्या तरुण इंजिनिअर बाईंना त्याने ताईंबद्दल सांगितलं असावं. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. ताई गेल्या. कुठले भाग आधी जमवून ठेवा, कुठले मिळायचे बंद होतील, ओल कशी टाळायची, पिशव्या कुठल्या वापरायच्या, हे सगळं त्यांनी हातचं न राखता सांगितलं. इंजिनिअर बाई खूश झाल्या. पगार फार देता येणार नाही, पण आठवड्यातून दोनदा आलात तर बरं होईल, असं म्हणाल्या, आणि सुट्या भागांच्या कपाटाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

"येत जाईन," ताई म्हणाल्या. "किल्ली मात्र तुमच्याकडेच राहू द्या."

"अहो, तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

"तो असू द्या. किल्ली नको."

परत निघताना भाऊ फाटकापर्यंत सोडायला आला. तो त्यांच्याशी बोलतो आता. काम सांगतो, कामाचं विचारतो, भाचीच्या शाळेचं सांगतो. पण रविवारी ताईंकडे जेवायला तो अजून येत नाही. ताईच त्याच्याकडे जातात.